सायकलीला धरावे कोठे?
ट्रायथलॉन-सायकलीच्या घरगुती दुरुस्तीसाठी स्टँडची निवड

ज्या सायकलीवर सत्तर किलोग्रॅम वजनाचा मनुष्य बसतो आणि ताशी चाळीस किलोमीटर वेगाने रस्त्यावरील खाचखळगे ओलांडीत जातो, तीच सायकल घरी दुरुस्तीस घेतली असता एका हाताने फिरविलेल्या स्क्रूमुळे निकामी होऊ शकते. ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु भार पेलणे आणि चिमटीतला दाब सोसणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत, आणि एकीत समर्थ असलेली वस्तू दुसरीत समर्थ असेलच असे नाही.

सायकलीची दुरुस्ती करताना ती जमिनीपासून उचलून धरणाऱ्या साधनास आपण स्टँड म्हणतो. साध्या सायकलीसाठी कोणताही भक्कम स्टँड चालतो. ट्रायथलॉन-स्पर्धेच्या सायकलीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यासाठी स्टँड निवडणे म्हणजे, ती कोठे धरली असता तिला इजा होणार नाही, हा यामिकीचा एक छोटासा प्रश्न सोडविणे होय. या प्रश्नाचा विचार येथे क्रमाक्रमाने करू.

वाऱ्याशी झुंज

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही अंगे एकामागून एक पुरी करण्याची स्पर्धा म्हणजे ट्रायथलॉन. या नावाची आधुनिक स्पर्धा १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो शहरी मिशन बे येथे झाली. पुढे १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.१९५ किलोमीटर धावणे अशी दीर्घ स्पर्धा भरली. पंधरा जणांनी तिला आरंभ केला व बारा जणांनी ती पुरी केली. ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचा समावेश २००० साली सिडनी येथे झाला. गोव्यात पणजी येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे अशी आंतरराष्ट्रीय मालिकेतील स्पर्धा भरली, आणि आपल्याकडील अनेकांस या खेळाची प्रत्यक्ष ओळख झाली.

लांब पल्ल्याच्या स्पर्धांत दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाने सायकल चालविण्यास मनाई असते. प्रत्येकास वाऱ्याशी एकट्यानेच झुंजावे लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते. यास्तव या सायकलीची सारी रचना हवा कापण्याच्या दृष्टीने केलेली असते. हँडलवर पुढे निघालेल्या दोन दांड्या असतात, त्यांस एरोबार म्हणतात. कोपरे गादीवर टेकवून व हात पुढे करून स्वार त्यांवर ओणवा होतो. अशा दांड्यांचा प्रताप १९८९ सालच्या फ्रान्सच्या सायकल-शर्यतीत जगाने पाहिला. शेवटच्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरांच्या टप्प्यापूर्वी ग्रेग लेमाँड हा पन्नास सेकंदांनी मागे होता; एरोबार लावून तो धावला आणि सबंध शर्यत त्याने आठ सेकंदांनी जिंकली.

सायकलीच्या फ्रेमचा आकारही याच हेतूने बदलला. साध्या सायकलीच्या नळ्या वाटोळ्या असतात. ट्रायथलॉन-सायकलीच्या नळ्या पुढून गोलसर, मागे निमुळत्या व बाजूंनी चपट्या, विमानाच्या पंखाच्या छेदासारख्या असतात. सीटची दांडीही त्याच घाटाची असते. काही फ्रेमींत तर सीटखालची उभी नळी किंवा पुढची तिरपी नळी अजिबात वगळलेली असते. ब्रेकच्या व गियरच्या तारा नळ्यांच्या पोटातून नेलेल्या असतात. हवेच्या दृष्टीने हे सारे इष्टच. परंतु दुरुस्तीसाठी सायकल पकडू पाहणाऱ्यास धरण्याजोगी वाटोळी, जाड दांडी कोठे उरतच नाही.

काळ्या धाग्यांची नळी

आजच्या बहुतेक ट्रायथलॉन-सायकलींच्या फ्रेमी कार्बनच्या तंतूंपासून बनवितात. हा तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे एक-दशांश जाडीचा असतो. असे असंख्य तंतू इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून त्यांचे पातळ पापुद्रे करतात, ते साच्यात एकावर एक बसवितात आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे पावणेआठपट असते, तर या संयुक्त द्रव्याची जेमतेम दीडपटीहून थोडी अधिक. त्यामुळे फ्रेम हलकी होते. दुसरा लाभ असा की, ज्या दिशेने जोर येणार त्या दिशेने तंतू घालता येतात. धातूचे बळ सर्व दिशांस सारखे असते. येथे ते कारागिराने ठरविलेल्या दिशांसच असते.

बांबूचे उदाहरण घेतले म्हणजे हे समजेल. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणून तो उभा भार सहज पेलतो आणि वाकविला असता तुटत नाही. तोच बांबू शिकंजात धरून आडवा आवळला तर तडकतो, कारण त्या दिशेने तंतूंचे साहाय्य नसते. कार्बनची नळी बांबूहून पुष्कळच बलवान असते व तिचे तंतू निरनिराळ्या दिशांनी घातलेले असतात हे खरे. पण जेथे स्वाराचा भार येत नाही तेथे भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते. अशा जागी नळी दोन्ही बाजूंनी दाबली तर भिंत आत वाकते आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटू लागतात.

शाळेत करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. वहीच्या कागदाची पाच सेंटीमीटर व्यासाची नळी करा व कड डिंकाने चिकटवा. ती टेबलावर उभी ठेवून तिच्यावर एक पुठ्ठा ठेवा आणि पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर एकेक पुस्तक रचा. कागदाची ती नळी अनेक पुस्तके पेलते, हे पाहून आश्चर्य वाटेल. आता पुस्तके काढा आणि नळीचा मध्य अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच दाबा. ती तत्काळ चेपते. आता तशीच दुसरी नळी घ्या आणि ती सर्व बाजूंनी तळहातांत लपेटून दाबा. ती बरीच अधिक तग धरते. यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. नळीला लांबीच्या दिशेने आलेला भार मानवतो, एका जागी आलेला आडवा दाब मानवत नाही, आणि तोच दाब विस्तृत जागेवर पसरला तर इजा कमी होते.

पोलादी नळी चेपली तर पोचा दिसतो आणि मनुष्य सावध होतो. कार्बनच्या नळीत पापुद्रे आतून सुटले तरी बाहेरचा रंग कित्येकदा अभंग राहतो. नाण्याने हलके ठोकून पाहिले असता निरोगी जागी खणखणीत व सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. तथापि ही केवळ संशय घेण्याची रीत आहे, निर्णयाची नव्हे. शंका आल्यास फ्रेम जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. कारण असा दोष कळण्याची वेळ पुष्कळदा उतारावर भरधाव जाताना येते, आणि मग हानी केवळ सायकलीची राहत नाही.

स्क्रूचे आणि तरफेचे गणित

दुरुस्तीच्या स्टँडचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे जबड्याचा. उभ्या खांबाच्या डोक्यावर रबर लावलेले दोन जबडे असतात, आणि मूठ फिरविली की स्क्रूच्या योगाने ते मिटतात. येथे हाताला जाणवणारा जोर आणि जबड्यात उत्पन्न होणारा दाब यांत फार अंतर असते. समजा, मुठीचा दांडा ६ सेंटीमीटर लांब आहे, स्क्रूचा आटा २ मिलिमीटरांचा आहे आणि हाताचा जोर ५ किलोग्रॅम-भाराइतका आहे. मुठीचा एक फेरा म्हणजे सुमारे ३७७ मिलिमीटरांचा प्रवास. तेवढ्यात जबडा सरकतो अवघा २ मिलिमीटर. म्हणजे जोर सुमारे १८८ पट वाढला पाहिजे. घर्षणात त्यातील नऊ-दशांश वाया गेला असे धरले, तरी जबड्यातील दाब ९० किलोग्रॅम-भाराच्या पलीकडे जातो. आवळणाऱ्यास वाटते, आपण हलकेच आवळले. नळीचा अनुभव निराळा असतो.

आता तरफेचा नियम पाहू. सुमारे ९ किलोग्रॅम वजनाची सायकल सीटच्या दांडीशी धरली आहे. तिचा गुरुत्वमध्य त्या दांडीच्या पुढे अदमासे २५ सेंटीमीटरांवर असतो. म्हणजे जबड्याभोवती ९ गुणिले २५, अर्थात २२५ किलोग्रॅम-सेंटीमीटर इतके फिरविणारे बळ उत्पन्न होते. जबड्याची उंची ८ सेंटीमीटर असेल, तर हे बळ त्याच्या वरच्या व खालच्या कडांशी परस्परविरुद्ध दिशांनी तोलले जाते, आणि प्रत्येक कडेशी सुमारे २८ किलोग्रॅमांचा भार येतो. याच वेळी कोणी ७० सेंटीमीटर पुढे असलेल्या हँडलवर नुसता हात टेकला व पाच किलोग्रॅमांचा भार दिला, तर आणखी ३५० किलोग्रॅम-सेंटीमीटर मिळून तो भार ७० किलोग्रॅमांच्या वर जातो. तोही सबंध दांडीवर पसरत नाही, कडेच्या अरुंद रेषेवर पडतो. सायकल हलकी आहे म्हणून तिला कोठेही धरले तरी चालेल, ही समजूत किती भ्रामक आहे हे यावरून दिसून येईल.

मग सायकल धरावी कोठे? उत्तर सायकलीच्या रचनेतच आहे. रस्त्यावर असताना स्वाराचा भार तीन वाटांनी फ्रेममध्ये शिरतो: सीटवरून, हँडलवरून, आणि पायट्यांचा आस जेथे फिरतो त्या कोठीतून, जिला कारागीर बी.बी. म्हणतात. तो बाहेर पडतो दोन ठिकाणी, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांशी. या जागा भार घेण्यासाठीच जाड व बळकट केलेल्या असतात. मोटार उचलताना जॅक कोठे लावावा याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि विमान उचलावयाचे झाल्यास त्याच्या अंगावरही अशा जागा नेमलेल्या असतात. तोच न्याय येथे लागू पडतो.

स्टँडचे चार प्रकार

आपल्याकडचा गल्लीतील कारागीर पुष्कळदा सायकल उलटी करून सीट व हँडल यांवर उभी करतो. साध्या सायकलीस हे चालते. ट्रायथलॉन-सायकल मात्र उलटी करू नये. एरोबारच्या टोकांवर गियरच्या कळा असतात, बारांमध्ये पाण्याची बाटली असते, आणि ते सर्व जमिनीवर घासते. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे असतील, तर सायकल उलटी झाल्याने साठ्यातील हवेचा बुडबुडा नळीत शिरून ब्रेक ढिला पडण्याचा संभव असतो. म्हणून स्टँड हवा. त्याचे मुख्य प्रकार असे.

पहिला प्रकार जबड्याचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे १९६३ साली सुरू झालेल्या पार्क टूल या कारखान्याचा उगम, वाकून व गुडघे टेकून काम करण्यास कंटाळलेल्या दोन सायकल-दुकानदारांनी स्वतःसाठी बनविलेल्या स्टँडमधूनच झाला. जबड्याच्या स्टँडचा मोठा गुण हा की, दोन्ही चाके मोकळी राहतात, आणि सायकल पुढे-मागे कलवून हव्या त्या कोनात ठेवता येते. तेलाच्या ब्रेकमधील हवा काढताना हा गुण फार उपयोगी पडतो. हवा नेहमी वर जाते, म्हणून तिला बाहेर पडण्याची वाट सर्वांत उंच असावी लागते. परंतु वाटोळ्या दांडीसाठी केलेला जबडा पंखाच्या घाटाच्या दांडीला केवळ दोन अरुंद रेषांवर भिडतो, आणि येथेच धोका आहे. फ्रेमची नळी जबड्यात कधीही धरू नये. सीटची दांडी धरावयाची तर तिच्या घाटाबरहुकूम कोरलेले मऊ ठोकळे जबड्यात घालावेत, आणि सायकल निसटणार नाही इतपतच आवळावे. सीटची दांडी फ्रेमशी अखंड असेल, तर सायकल करणाऱ्याने स्पष्ट अनुमती दिल्यावाचून तीही धरू नये.

दुसरा प्रकार आसावर धरण्याचा. युरोपातील शर्यतींत संघांचे कारागीर तो वापरतात. एक चाक काढून घेतात, आणि पुढचा चिमटा किंवा मागील बाजूची आसाची बेचकी स्टँडच्या आडव्या तुळईवरील आसात बसवितात, बी.बी.ची कोठी एका रबरी पाळण्यावर टेकते. फ्रेमला कोठेही चिमटा बसत नाही, आणि भार ज्या जागी रस्त्यावर असतो त्याच जागी येथेही राहतो. सायकल आपल्याभोवती फिरविता येते, म्हणून कारागिरास जागा बदलावी लागत नाही. ट्रायथलॉन-सायकलीस हा प्रकार सर्वांत मानवतो. त्याच्याही मर्यादा आहेत. एक चाक काढावेच लागते. सायकल सहसा कलविता येत नाही. आणि काही सायकलींत तारा बी.बी.च्या खालून गेलेल्या असतात किंवा मागचा ब्रेकच तेथे बसविलेला असतो, तेव्हा पाळण्यावर टेकताच त्या चेपतात. अशा वेळी पाळणा सरकविता यावा, किंवा त्यात तारांसाठी खाच असावी.

तिसरा प्रकार जमिनीवरचा लहान स्टँड. तो मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना आकड्यांनी पकडतो व मागचे चाक किंचित उचलून धरतो. तो स्वस्त आहे, जागा थोडी व्यापतो, आणि साखळी पुसणे, तेल घालणे, गियर जुळविणे एवढी कामे त्यावर होतात. मात्र बसून किंवा वाकून काम करावे लागते. आसाची टोके बाहेर आलेली नसतील, तर आकड्यांना धरावयास काही मिळत नाही. म्हणून आरपार आसाच्या सायकलीसाठी त्याचा जोड असल्याची खात्री करून घ्यावी.

चौथा प्रकार म्हणजे टांगणे, आणि त्यास पैसा जवळजवळ लागतच नाही. स्पर्धेत पोहून आलेले खेळाडू जेथून सायकल उचलतात, त्या ठिकाणी आडव्या नळ्या बांधलेल्या असतात, आणि प्रत्येक सायकल सीटच्या टोकाने नळीवर अडकविलेली असते. मागचे चाक त्यामुळे अधांतरी राहते. घरी दोन भक्कम आधारांवर एक मजबूत नळी आडवी बांधली, की हीच सोय होते. सीट ही स्वाराचा सारा भार घेणारी जागा असल्याने नऊ किलोग्रॅमांचे तिला ओझे वाटत नाही. सायकल झुलते, म्हणून जोराचे काम येथे करू नये. धुणे, पुसणे व गियर जुळविणे सुखाने होते.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी आपली सायकल नीट पाहावी. प्रथम चाकांचे आस तपासावेत. जुन्या पद्धतीच्या क्विक-रिलीज आसाच्या सायकलीत पुढच्या चिमट्यातील अंतर १०० मिलिमीटर व मागचे बहुधा १३० मिलिमीटर असते. चकतीच्या ब्रेकच्या अलीकडील सायकलींत सहसा १२ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो, आणि ही अंतरे पुढे १०० व मागे १४२ मिलिमीटर असतात. आसावर धरणारा स्टँड घ्यावयाचा तर त्या मापाचा जोड त्याच्याबरोबर मिळतो की नाही, हा पहिला प्रश्न दुकानदारास विचारावा.

दुसरे, सायकल आडवी करून बी.बी.च्या खालची बाजू पाहावी. तेथे तार, ब्रेक, झाकण किंवा विजेच्या गियरची वायर आहे काय? असल्यास त्याची नोंद करावी. तिसरे, सीटच्या दांडीचा घाट एका कागदावर काढून घ्यावा. जबड्याचा स्टँड घेणाऱ्यास त्यावरून ठोकळे निवडता येतील. चौथे, बाटल्या, अवजारांची पेटी वगैरे धरून सायकलीचे वजन करावे. स्टँड किती भार पेलतो हा आकडा त्याच्यावर दिलेला असतो. तो सायकलीच्या वजनाच्या कित्येक पट असावा, कारण काम करताना हाताचाही जोर पडतो.

त्यानंतर स्टँडचे पाय पाहावेत. तीन बिंदूंतून नेहमी एकच पातळी जाते, म्हणून तीन पायांचा स्टँड ओबडधोबड फरशीवरही डुगडुगत नाही. चार पायांचा मात्र एक पाय उचलू शकतो. गच्चीवर किंवा अंगणात काम करणाऱ्यास हा गुण महत्त्वाचा आहे. दोन लांब पायांचा स्टँड सपाट जमिनीवर चांगला. कोणत्याही स्टँडबाबत नियम एकच: सायकल व स्टँड यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांनी वेढलेल्या क्षेत्राच्या आत पडला पाहिजे. म्हणून एक पाय सायकलीच्या खालीच यावा अशा रीतीने स्टँड उभा करावा. दुकानात सायकल चढवून, पायट्यास हाताने फिरवून व हँडलला हलकासा धक्का देऊन हे प्रत्यक्ष पाहावे.

उंचीही पाहावी. उभे राहिले असता साखळी कोपराच्या पातळीच्या जवळपास यावी. तासभर वाकून काम केल्यास पाठ दुखते आणि दमलेल्या हाताने स्क्रू वाजवीपेक्षा अधिक आवळला जातो. स्पर्धेच्या गावी नेण्यासाठी घडीचा, हलक्या अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड सोयीचा. घरात एका जागी ठेवावयाचा तर जड पोलादी स्टँड अधिक स्थिर. ज्याच्याकडे एकच सायकल आहे व जो केवळ साफसफाई व गियर जुळविणे एवढेच करतो, त्याने मोठा खर्च करू नये. टांगण्याची नळी किंवा जमिनीवरचा लहान स्टँड त्याला पुरेसा आहे. जो सायकल खोलून पेटीत भरतो आणि विमानाने स्पर्धेस नेतो, त्याला ती पुन्हा स्वतःच जोडावी लागते. त्याने आसावर धरणारा स्टँड घ्यावा हे उत्तम.

स्टँडवरचे काम

ट्रायथलॉन-सायकलीची निगा विशेष आस्थेने घ्यावी लागते. ओणव्या स्वाराचा घाम थेट एरोबारवर ठिबकतो, आणि त्यातील मिठाने स्क्रू गंजतात. साखरेची पेये सांडून तारांच्या तोंडाशी चिकटा धरतो. समुद्रकाठच्या स्पर्धेनंतर खारी हवा व ओले कपडे यांची त्यात भर पडते. म्हणून प्रत्येक लांब फेरीनंतर सायकल स्टँडवर घ्यावी, ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी करावी, आणि साखळी स्वच्छ करून तिला तेल द्यावे. मागचे चाक हाताने फिरवून प्रत्येक गियर पडतो की नाही ते पाहावे. चकतीचे ब्रेक असलेले चाक काढले असता ब्रेकच्या दोन गाद्यांमध्ये एक पट्टी घालून ठेवावी. चुकून कळ दाबली गेली तर गाद्या मिटून बसतात.

स्क्रू आवळताना टॉर्क-पाना वापरावा. कार्बनच्या भागांवरील लहान स्क्रूंजवळ पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ दहा सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाशी सुमारे पाच किलोग्रॅमांचा जोर. त्याहून अधिक नव्हे. हाताच्या अंदाजावर येथे विसंबणे धोक्याचे आहे, कारण स्क्रूचा जोर हाताला कळत नाही हे आपण वर पाहिलेच आहे.

काही कामे मात्र स्टँडवर करूच नयेत. पायटे काढणे व बसविणे यांस ३५ ते ४० न्यूटन-मीटर बळ लागते. सायकल स्टँडवर असताना एवढे बळ लावले, तर ते स्टँडच्या पकडीतून फ्रेमवर येते, आणि लांब तरफेमुळे अनेक पटींनी वाढते. अशा कामासाठी सायकल चाकांवर जमिनीवर उभी करावी. त्याचप्रमाणे सीटचा कल व एरोबारची उंची मोजताना दोन्ही चाके एकाच पातळीवर असावी लागतात. स्टँडवर सायकल किंचित जरी कलली असेल, तरी पाणसळ खोटे माप दाखविते, आणि ते माप शेकडो किलोमीटर स्वाराच्या पाठीला सोसावे लागते.

सारांश, स्टँड निवडताना किमतीपासून किंवा नावापासून आरंभ करू नये. आपल्या सायकलीवर बसलेल्या माणसाचा भार कोणत्या जागी शिरतो व कोणत्या जागी बाहेर पडतो, हे प्रथम सायकलीकडे पाहून ओळखावे. ज्या स्टँडचा आधार त्याच जागी येतो तो आपला स्टँड. ज्या शाळेत एखादी जुनी सायकल असेल, तेथील विद्यार्थ्यांनी ती एकदा सीटने टांगून, एकदा आसावर टेकवून, आणि एकदा हातांनी आडव्या दांडीला धरून पाहावी. ती कोठे तोल राखते आणि कोठे गिरकी घेते हे पाहिले, म्हणजे गुरुत्वमध्य आणि तरफ हे धडे त्यांस पाठ करावे लागणार नाहीत.